पाहुण्यालाच ‘निराशाजनक’ म्हणणारं माफीपत्र: इंडोनेशियन शिकणाऱ्यांची ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ची गफलत

इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरातलं एक छोटं गेस्टहाउस. पाहुणा रात्री उशिरा पोचला, त्याचं बुकिंग सापडेना आणि खोलीत गरम पाणी नव्हतं. सकाळी त्याने तक्रारीचा ईमेल पाठवला. फ्रंट डेस्कवरच्या मुलीने लगोलग इंग्रजीत उत्तर लिहिलं. शाळेत ती सहा वर्षं इंग्रजी शिकली आहे आणि व्याकरणाच्या चाचणीत तिला बरे गुण पडतात. उत्तर असं होतं:

“वी आर व्हेरी सॉरी बिकॉज यू आर डिसअपॉइंटिंग विथ अवर सर्व्हिस. अवर स्टाफ वॉज कन्फ्यूजिंग अबाउट युवर बुकिंग. दिस मिस्टेक इज एम्बॅरसिंग फॉर अस. वी अंडरस्टँड यू वेअर टायरिंग आफ्टर लाँग ट्रिप. द वॉटर हीटर ब्रोकन इज ऑलरेडी रिपेअर. टुमॉरो वी गिव्ह फ्री ब्रेकफास्ट विथ फ्राय राइस अँड बॉइल एग. वी होप यू आर स्टिल इंटरेस्टिंग टू स्टे विथ अस.”

पत्र नमुन्यादाखल रचलेलं आहे. त्यातली प्रत्येक चूक मात्र इंडोनेशियन भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्याच्या चांगल्या ओळखीची आहे.

पाहुण्याने काय वाचलं ते मराठीत मांडलं की प्रकरण किती नाजूक आहे ते कळतं. “तुम्ही निराशाजनक आहात याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमचे कर्मचारी गोंधळात टाकणारे होते. तुम्ही दमवणारे होतात हे आम्ही समजू शकतो.” बिचारीने मनापासून माफी मागितली आणि कागदावर उतरला अपमान. एखादं ‘एस’ विसरलं किंवा ‘द’ गाळलं तर अर्थ शाबूत राहतो. इथे वाक्य व्याकरणाने धडधाकट आहे आणि अर्थ मात्र उलटा फिरला आहे. म्हणून क्रियापदाला ‘ईडी’ (-ed) किंवा ‘आयएनजी’ (-ing) हे शेपूट लावून बनणाऱ्या विशेषणांच्या या गटाकडे आधी लक्ष द्यायला हवं.

त्यांच्या भाषेत हा फरक नाही, हे खरं नव्हे

या चुकीचं कारण म्हणून बरेच शिक्षक सांगतात, ‘इंडोनेशियन भाषेत असा भेदच नाही, म्हणून मुलं चुकतात.’ हे साफ चुकीचं आहे. त्या भाषेत हा भेद इंग्रजीहून जास्त नियमित आहे. (पुढच्या शब्दांत ‘ंग’ असेल तिथे शेवटचा ग वेगळा उच्चारत नाहीत, नाकातला एकच आवाज येतो.)

कंटाळलेला माणूस म्हणजे ‘बोसान’, कंटाळा आणणारी गोष्ट ‘मम्बोसानकान’. निराश माणूस ‘कचेवा’, निराश करणारी सेवा ‘मंगचेवाकान’. गोंधळलेला ‘बिंगुंग’, गोंधळात टाकणारं ‘मम्बिंगुंगकान’. दमलेला ‘ललाह’, दमवणारा प्रवास ‘मललाहकान’. समाधानी ‘पुआस’, समाधान देणारं ‘ममुआसकान’. लाजलेला ‘मालू’, लाज आणणारं ‘ममालुकान’. मूळ शब्द मनाची अवस्था सांगतो. त्याला पुढून ‘मे’ वर्गातला उपसर्ग आणि मागून ‘कान’ लावला की ती अवस्था घडवून आणणाऱ्या गोष्टीचं वर्णन होतं. उपसर्ग पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो: ब आला तर ‘मम’, स्वर आला तर ‘मंग’. शब्दारंभीचे क, प, त, स गळून त्यांच्या जागी अनुनासिक येतं. म्हणूनच ‘कचेवा’तला क ‘मंगचेवाकान’मध्ये दिसत नाही.

मराठी वाचकाला हे लगेच पटेल, कारण आपणही असंच करतो. थकणे, मग थकवणे, मग थकवणारा. दमलेला आणि दमवणारा. ‘दम’मध्ये ‘व’ घातला की दुसऱ्याला दमवण्याचा अर्थ येतो. ‘ललाह’ला ‘मे–कान’ लावल्यावर नेमकं तेच होतं. दोन्ही भाषांत अवस्था आधी येते आणि ती घडवून आणणं नंतर चिकटतं.

इंग्रजीत ही दिशा उलटी आहे. बोअर, डिसअपॉइंट, कन्फ्यूज, इंटरेस्ट, एम्बॅरस ही मूळ क्रियापदंच ‘दुसऱ्याला तसं करणे’ या अर्थाची आहेत. त्यामुळे नुसती अवस्था सांगायची असली तरी इंग्रजीत शब्दाला शेपूट जोडावं लागतं: बोअर्ड, डिसअपॉइंटेड. इंडोनेशियन माणसाच्या मनात ‘कचेवा’ हा साधा, उघडा शब्द आहे. त्याच्यासाठी इंग्रजीत भूतकाळाच्या खुणेसारखं दिसणारं शेपूट का लावायचं, याचं उत्तर त्याला कुणी देत नाही. मग तो कानावर जास्त पडलेलं रूप उचलतो. ते बहुतेक वेळा आयएनजीचं असतं.

आता पत्र पुन्हा पाहा. आयएनजी जिथे हवं होतं तिथे ते बरोबर आलं आहे: ‘दिस मिस्टेक इज एम्बॅरसिंग.’ चुकलं आहे ते फक्त ईडीचं रूप, आणि तेही दर वेळी. डिसअपॉइंटिंग, कन्फ्यूजिंग, टायरिंग, इंटरेस्टिंग, चारही ठिकाणी. म्हणजे ही गफलत दोन्ही बाजूंनी सारखी नाही. शिकवतानाही दोन्ही रूपांना सारखा वेळ देऊ नये. निम्मा तास आयएनजीवर घालवणं म्हणजे तिला येतं तेच पुन्हा शिकवणं.

ईडी का टाळलं जातं

पहिलं कारण काळाचं. इंडोनेशियन क्रियापदाला काळाचे प्रत्यय नसतात. काल, आत्ता, उद्या असे शब्द किंवा ‘सुदाह’ (झालं) आणि ‘आकान’ (होणार) यांच्यावर काम भागतं. त्यामुळे इंग्रजीत भूतकाळासाठी ईडी लावायचं, ही शाळेत शिकलेली मोठी नवी गोष्ट ठरते आणि मनात घट्ट बसते. त्यानंतर ‘आय ॲम बोअर्ड’ पाहिलं की मन अडखळतं: मी तर आत्ता कंटाळलेय, मग ईडी कसं?

दुसरी अडचण आयएनजीच्या बाजूने येते. ‘आय ॲम रीडिंग’ म्हणजे ‘साया सदांग मम्बाचा’, मी वाचते आहे, असं शिकवलेलं असतं. ‘सदांग’ म्हणजे चालू असलेलं. बोलताना त्याच जागी ‘लागी’ येतो. हा ‘लागी’ अवस्थेलाही खुशाल लागतो: ‘साया लागी बोसान’, मला आत्ता कंटाळा आलाय. मग ‘लागी’ला ‘ॲम’ आणि आयएनजी हे समीकरण लावून ती ‘आय ॲम बोरिंग’ म्हणते. तिच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. तिला ‘बेफिकीर’ म्हणण्याआधी शिक्षकाने हे समीकरण कुठून आलं ते पाहावं.

तिसरं कारण कर्मणी प्रयोगाचं. इंग्रजी ‘बी’ (ॲम, इज, आर) आणि क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे इंडोनेशियन ‘दी’ उपसर्ग, असंही शिकवलेलं असतं. ‘इज रिपेअर्ड’ म्हणजे ‘दीपरबाइकी’, दुरुस्त केला जातो. ते खरंही आहे. पण तोच साचा ‘आय ॲम बोअर्ड’ला लावला तर ‘दीबोसानकान’ असं काहीतरी निघतं आणि ते कानाला विचित्र लागतं. कुणी आपल्याला मुद्दाम कंटाळवलं, असा भास होतो. म्हणून ती ते रूप सोडून देते.

चौथं कारण तोंडाचं. त्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो, खरं तर मिळायला हवा सगळ्यात जास्त. इंडोनेशियन शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं जोडून येणं परकं आहे. बाहेरून आलेले शब्द याची साक्ष देतात. डच ‘कूलकास्ट’चा ‘कुलकास’ (फ्रिज) झाला, शेवटचा ट गेला. ‘एफेक्ट’चा ‘एफेक’, ‘कॉन्फ्लिक्ट’चा ‘कोन्फ्लिक’, ‘ऑब्जेक्ट’चा ‘ओब्जेक’ झाला. ज्या तोंडाने कुलकास म्हटलं ते ‘शॉक्ड’ला ‘शॉक’ आणि ‘इंप्रेस्ड’ला ‘इंप्रेस’ म्हणणारच. आणि जे तोंडातून येत नाही ते कानालाही नीट ऐकू येत नाही. आयएनजीचं तसं नाही. ‘ंग’ने संपणारे शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत: बिंगुंग, सदांग, बारांग. आयएनजी जिभेला घरचं वाटतं आणि ईडी परकं. दोन रूपांतून एक निवडायची वेळ आली की जीभ घरच्याकडे वळते.

दहा मिनिटांची तपासणी

चूक दिसली की लगेच नियम सांगायला बसू नये. आधी तीन छोट्या गोष्टी तपासाव्यात.

तिचंच वाक्य तिला इंडोनेशियनमध्ये करायला सांगा: ‘यू आर डिसअपॉइंटिंग.’ ती जर ‘आंदा मंगचेवाकान’ म्हणाली आणि क्षणात तोंडावर हात ठेवला, तर तिला अर्थ ठाऊक आहे, लिहिताना हात घसरला. ती जर शांतपणे ‘आंदा कचेवा’ म्हणाली, तर शब्दाला अर्थच चुकीचा चिकटला आहे. या दोघींना वेगळा उपाय लागतो. पहिलीला सराव पुरतो, दुसरीला शब्द नव्याने शिकवावा लागतो.

मग ‘टायर्ड, इंटरेस्टेड, शॉक्ड, कन्फ्यूज्ड’ मोठ्याने वाचायला द्या आणि शेपूट ऐकू येतं का ते टिपा. शेवटी रिकामी जागा: ‘राइट नाऊ आय ॲम ___’, पर्याय बोअर्ड आणि बोरिंग. इथे ती ‘राइट नाऊ’मुळे बोरिंगकडे वळली, तर काळाचं कारण पक्कं समजा.

चाचणीतल्या गुणांवर विसंबू नका. इंडोनेशियात पुष्कळ ठिकाणी घेतली जाणारी टोफेल आयटीपी ही इंग्रजीची परीक्षा पाहा. तिच्या व्याकरणाच्या भागात 25 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि सगळे पर्यायी. समोर दोन्ही रूपं छापलेली असताना बरोबर ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतःहून लिहिणं वेगळं.

‘माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी’ हा नियम देऊ नका

हा सोपा नियम जगभर शिकवला जातो आणि तो फार लवकर मोडतो. शिक्षक माणूस आहे, पण ‘माय टीचर इज बोरिंग’ असू शकतं. चेहरा वस्तू आहे, पण ‘अ वरीड फेस’ म्हणतात. हा नियम घोकलेली मुलगी ‘गुरू साया मम्बोसानकान’ (माझे शिक्षक कंटाळवाणे आहेत) याचं इंग्रजी ‘माय टीचर इज बोअर्ड’ असं करते, आणि कंटाळा शिक्षकांच्या माथी बसतो. (‘गुरू’ आपलाच, ‘बाहासा’ म्हणजे भाषाही आपलीच. शब्द समुद्रापार टिकले.)

त्याऐवजी तिच्या स्वतःच्या भाषेचा आधार घ्या. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे त्याचंच ‘मे–कान’ रूप. सुरुवातीला बाराच जोड्या, जास्त नकोत. इंडोनेशियन दोन्ही बाजू तिनेच भराव्यात. त्यात ती चुकत नाही, आणि तिथूनच धीर येतो. मग डाव्या शब्दांखाली ईडी आणि उजव्यांखाली आयएनजी लिहून घ्या. यापुढे तिने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य मी घरी बोलले असते तर ‘मे’ लावला असता का? लावला असता तर आयएनजी, नाही तर ईडी. पत्रातल्या चारही चुका या एका प्रश्नाने सुटतात. ‘बापाक कचेवा’ (साहेब निराश आहेत) यात ‘मे’ नाही, म्हणजे डिसअपॉइंटेड.

जोडी नेहमी एकाच वाक्यात बांधावी: ‘द मीटिंग वॉज बोरिंग, सो वी वेअर बोअर्ड.’ कारण आणि परिणाम शेजारी असले की दोन्ही रूपं एकमेकांना सांभाळतात.

एक जोडी जरा निराळी आहे आणि ती दाराने शिकवावी. इंडोनेशियातल्या दुकानांच्या दारांवर ‘दोरोंग’ (ढकला) आणि ‘तारिक’ (ओढा) अशा पाट्या असतात. त्या ‘तारिक’पासून ‘मनारिक’ म्हणजे ओढून घेणारं, मनोवेधक, इंट्रेस्टिंग. आणि ‘तरतारिक’ म्हणजे ओढला गेलेला, इंट्रेस्टेड. मराठीत ‘ओढ लागली’ म्हणतो, तसंच. इथे ‘कान’ येत नाही, आणि अवस्थेला ‘तर’ हा उपसर्ग लागतो. अवस्थेला ‘तर’ लागणारे आणखी थोडे शब्द आहेत, त्यांतल्या काहींना मात्र ‘कान’ येतो: ‘तरकजुत’ (चकित) आणि ‘मंगजुतकान’ (चकित करणारं), ‘तरकसान’ (प्रभावित) आणि ‘मंगसानकान’ (छाप पाडणारं), ‘तरगांग्गू’ (व्यत्यय आलेला) आणि ‘मंगगांग्गू’ (व्यत्यय आणणारा). ‘तर’ दिसला की डावीकडे ठेवा. कुलूपबंद, बंद, लपलेला, विख्यात अशा अर्थांचे ‘तर’चे शब्दही इंग्रजीत तिसऱ्या रूपाने येतात: लॉक्ड, क्लोज्ड, हिडन, वेल-नोन.

दोन जागा जपाव्यात. ‘तरबुका’ म्हणजे उघडा, पण इंग्रजीत त्या अवस्थेला ‘ओपन’ म्हणतात, ‘ओपन्ड’ नाही. उलट बंदला ‘क्लोज्ड’ लागतं. ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ ही जोडी इंग्रजीतच लंगडी आहे. आणि ‘तरलाम्बात’ (उशिरा) हे साधं ‘लेट’ आहे, त्याला ईडी नाही.

तसंच काही मूळ शब्दांना इंग्रजीत स्वतंत्र विशेषण आहे. ‘माराह’साठी अँग्री, ‘सदीह’साठी सॅड, ‘ताकुत’साठी अफ्रेड किंवा स्केअर्ड. ‘मालू’ सगळ्यात अवघड. स्वभावाने लाजाळू असेल तर शाय, चारचौघांत फजिती झाली तर एम्बॅरस्ड, आपल्या हातून वाईट घडल्याची लाज असेल तर अशेम्ड. इंडोनेशियनमध्ये एका शब्दात मावणारी गोष्ट इंग्रजीत तीन जागी फुटते. तिन्ही प्रसंग रंगवून दाखवल्याशिवाय हे बसत नाही.

काळाची गाठ सोडवणं

ईडी म्हणजे भूतकाळ ही समजूत उपदेशाने जात नाही. तिला तीन वाक्यं करू द्या: ‘येस्टर्डे आय वॉज टायर्ड. नाऊ आय ॲम टायर्ड. टुमॉरो आय विल बी टायर्ड.’ काळ बदलतो तो ‘वॉज, ॲम, विल बी’मध्ये, ‘टायर्ड’ हलत नाही. इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. इंडोनेशियनमध्ये ‘साया ललाह’ एवढं वाक्य पुरतं, ‘आहे’ लागत नाही. त्यामुळे काहींच्या लिखाणात ‘आय टायर्ड’ असं येतं. ते वाचणाऱ्याला सरळ भूतकाळी क्रियापद वाटतं.

मग ‘व्हेरी’ लावून पाहायचं. ‘व्हेरी टायर्ड, व्हेरी डिसअपॉइंटेड’ जमतं, म्हणजे ही विशेषणं झाली. ‘व्हेरी रिपेअर्ड’ जमत नाही, कारण ते कुणीतरी केलेलं काम आहे. हीटरच्या वाक्यात तिच्या मनात ‘सुदाह दीपरबाइकी’ होतं: दुरुस्त केला गेला. ‘सुदाह’चं ‘ऑलरेडी’ झालं आणि ‘दी’ वाटेत हरवला. माफीपत्रात इथे ‘हॅज बीन रिपेअर्ड’ शोभतं.

तोंडाचा सराव: सोप्याकडून अवघडाकडे

ईडीचे तीन आवाज आहेत हे सगळे सांगतात, पण क्रम क्वचितच कुणी लावतं. ज्यांत ईडीचं स्वतंत्र अक्षर ऐकू येतं ते शब्द आधी घ्या: डिसअपॉइंटेड, इंट्रेस्टेड, एक्सायटेड. मग स्वरानंतर नुसता ड येणारे: वरीड, टायर्ड, बोअर्ड, सॅटिस्फाइड. मग शेवटी ‘स्ट’ किंवा ‘क्ट’ वाजणारे: एम्बॅरस्ड, इंप्रेस्ड, शॉक्ड. सगळ्यात शेवटी ‘झ’नंतर ड येणारे कन्फ्यूज्ड, सरप्राइज्ड, अमेझ्ड, कारण ही गाठ जिभेला सर्वांत अवघड जाते.

दुसरी युक्ती शब्द सुटा न म्हणण्याची. या विशेषणांनंतर येणारी शब्दयोगी अव्ययं बरीचशी स्वराने सुरू होतात: इन, ॲट, ऑफ, अबाउट. ‘टायर्ड ऑफ’ म्हणताना ड पुढच्या स्वराला चिकटतो: टायर-डॉफ. इंट्रेस्टे-डिन. कन्फ्यूज-डबाउट. व्यंजनांची गाठ सुटते आणि ईडी आपोआप ऐकू येतं. शब्द आणि अव्यय एकत्र पाठ झाले की आणखी एक चूक जागीच थांबते. ‘दंगान’चा अर्थ ‘विथ’, म्हणून ‘तरतारिक दंगान’चं ती ‘इंट्रेस्टेड विथ’ करते. ‘बोअर्ड विथ, डिसअपॉइंटेड विथ, सॅटिस्फाइड विथ’ चालतात म्हणून तिचा समज पक्का होतो. पण इंट्रेस्टेडला ‘इन’, अफ्रेडला ‘ऑफ’ आणि सरप्राइज्डला ‘ॲट’ किंवा ‘बाय’ लागतं. पत्रातलं ‘टू स्टे’ही असंच आलं. ‘तरतारिक उंतुक’मधल्या ‘उंतुक’चं सरळ ‘टू’ केलं. हवं होतं ‘इंट्रेस्टेड इन स्टेइंग’.

फ्राय राइस आणि बॉइल एग

नाश्त्याच्या ओळीतल्या चुका पाहायला सारख्याच, पण कारण अगदी वेगळं. इंडोनेशियनमध्ये पदार्थाच्या नावात नामाच्या मागे क्रियापदाचं मूळ जसंच्या तसं ठेवतात. ‘नासी गोरेंग’ म्हणजे भात आणि तळ. ‘आयाम बाकार’ म्हणजे कोंबडी आणि भाज. ‘तलूर रबूस’ म्हणजे अंडं आणि उकड. ना उपसर्ग, ना प्रत्यय. क्रम उलटा करून तेच इंग्रजीत आणलं की ‘फ्राय राइस’, ‘ग्रिल चिकन’, ‘बॉइल एग’ तयार. भावनेच्या शब्दांवरचा ‘मे आहे का’ हा प्रश्न इथेही लागू पडतो: ‘मे’ नाही, म्हणजे तिसरं रूप. फ्राइड, ग्रिल्ड, बॉइल्ड.

पण इथे काही अपवाद आहेत. ‘बिंतांग जातुह’ म्हणजे पडणारा तारा. ‘मे’ नाही, तरी इंग्रजीत ‘फॉलिंग स्टार’. कारण ‘जातुह’ (पडणे) अकर्मक आहे, कुणी कुणाला काही करत नाही. अशा शब्दांत क्रिया चालू असेल तर आयएनजी, उरकली असेल तर तिसरं रूप: पडणारा तारा ‘फॉलिंग’, गळून पडलेली पानं ‘फॉलन’. स्वयंपाकघरात हे एका पातेल्यावर दाखवता येतं. ‘आयर मंदिदीह’ म्हणजे उकळतं पाणी, बॉइलिंग वॉटर. हात लावाल तर भाजेल. ‘आयर मातांग’ म्हणजे उकळून निववलेलं पिण्याचं पाणी, बॉइल्ड वॉटर. मराठीत ‘उकळतं’ आणि ‘उकळलेलं’ इतका स्वच्छ फरक.

कानाने हे शब्द पक्के होत नाहीत, हेही तिला स्पष्ट सांगावं. ‘आइस्ड टी’, ‘मॅश्ड पोटॅटो’ यांतला शेवटचा आवाज पुढच्या व्यंजनात मिसळून इंग्रजांच्या तोंडीसुद्धा पुसट होतो. मेन्यूकार्डावरचे शब्द अक्षरं पाहूनच पाठ करावेत.

‘वॉटर हीटर ब्रोकन’मध्ये रूप बरोबर आहे, जागा चुकली. इंडोनेशियनमध्ये विशेषण नामाच्या मागे येतं, कधी ‘यांग’ (जो) लावून. इंग्रजीत एकटं विशेषण पुढे जातं: ब्रोकन हीटर. पण त्याच्यामागे आणखी शब्द जोडले की सगळा गट मागेच राहतो: ‘द हीटर रिपेअर्ड यस्टर्डे’, ‘गेस्ट्स इंट्रेस्टेड इन बातिक’. म्हणजे लांब वाक्यात तिची घरची सवय चालते, आखूड वाक्यात नाही.

सराव उलटा पडतो तेव्हा

ईडीवर आठवडाभर भर दिला की बहुतेकांच्या लिखाणात नवीन चूक उगवते: ‘द ट्रिप वॉज एक्सायटेड’, ‘द फिल्म इज बोअर्ड’. शिक्षक इथे घाबरतात आणि पुन्हा आयएनजीकडे वळतात. तसं करू नये. नवं रूप हाताशी आलं म्हणून ते सगळीकडे वापरून पाहिलं जातंय, एवढाच याचा अर्थ. ‘फिल्म इतू बोसान?’ असा एक प्रश्न पुरतो. चित्रपटाला कंटाळा येत नाही हे तिला तिच्या भाषेत लगेच दिसतं.

मराठी शिक्षकांसाठी एक सूचना. आपणही ‘मला बोअर होतंय’, ‘बोअर पिक्चर’ असं म्हणतो. इंग्रजी शब्द मराठीत शेपूट गळून आला आणि अवस्था व कारण दोन्हींसाठी चालू लागला. वर्गात बोलताना आपल्या तोंडून ‘बोअर’ असं अर्धं रूप जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

पत्र पुन्हा लिहिणं

चार बैठका, प्रत्येकी अर्धा तास, एका आठवड्यात. पहिलीत दुमडलेलं पान, दुसरीत काळ आणि ‘व्हेरी’, तिसरीत तोंडाचा सराव, चौथीत हेच पत्र. नुसत्या दुरुस्त्या केल्या तर ते असं होतं:

“वी आर व्हेरी सॉरी दॅट यू वेअर डिसअपॉइंटेड विथ अवर सर्व्हिस. अवर स्टाफ वेअर कन्फ्यूज्ड अबाउट युवर बुकिंग. दिस मिस्टेक इज एम्बॅरसिंग फॉर अस. वी अंडरस्टँड दॅट यू वेअर टायर्ड आफ्टर अ लाँग ट्रिप. द ब्रोकन वॉटर हीटर हॅज बीन रिपेअर्ड. टुमॉरो वी विल गिव्ह यू अ फ्री ब्रेकफास्ट विथ फ्राइड राइस अँड अ बॉइल्ड एग. वी होप यू आर स्टिल इंट्रेस्टेड इन स्टेइंग विथ अस.”

व्याकरण आता चोख आहे. तरी पहिलं वाक्य आमच्या मते बदलावं. ‘तुम्ही निराश झालात याबद्दल दिलगीर आहोत’ यात चूक कुणाची ते बोललंच जात नाही, आणि रागावलेल्या पाहुण्याला ते खटकतं. कर्ता बदला: ‘वी आर व्हेरी सॉरी दॅट अवर सर्व्हिस वॉज डिसअपॉइंटिंग.’ आमची सेवा निराशाजनक होती. तिच्या भाषेत ‘पलायानान कामी मंगचेवाकान’, ‘मे’ आहे, म्हणून आयएनजी. तिने पहिल्यांदा लिहिलेला शब्द हाच होता. तो फक्त पाहुण्याच्या नावापुढून उचलून सेवेच्या नावापुढे ठेवायचा. हे दाखवलं की दोन रूपांमधला फरक तिच्या मनात पक्का बसतो, कारण एकाच शब्दाने आधी अपमान झाला होता आणि आता त्यानेच माफी मागितली जाते.

पुढची तपासणी दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. शेवटच्या वेळी विषय नवा द्यावा: शेजारच्या खोलीतल्या आवाजाने पाहुण्याची झोपमोड झाली, त्याला उत्तर लिही. यात सराव न केलेले शब्द लागतात, अनॉइड आणि अनॉइंग. ते बरोबर जागी आले तर रीत अंगवळणी पडली. फक्त पाठ केलेल्या बारा जोड्याच बरोबर येत असतील, तर आणखी सहा नव्या जोड्या घेऊन दुमडलेल्या पानापासून पुन्हा सुरुवात करावी.